लंडनच्या कमर्शियल लॉ फर्ममध्ये ट्रेनी सॉलिसिटर: अर्ज कधी करायचा, पात्रता काय आणि कागद कोणते

"ताई, एसक्यूईच्या क्लासची फी परवापर्यंत भरायची आहे. भरून टाकू का? परीक्षा झाली की लंडनच्या फर्मना ट्रेनी म्हणून अर्ज करतो."

असा फोन मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. कधी पुण्याहून, कधी नाशिकहून, एकदा तर थेट विमानतळावरून. माझं उत्तर ठरलेलं असतं: थांब. मोठ्या कमर्शियल फर्मच्या, म्हणजे कंपन्यांची कामं करणाऱ्या वकिली संस्थांच्या, बाबतीत क्रम नेमका उलटा आहे. आधी फर्म निवड करते, मग एसक्यूई, म्हणजे सॉलिसिटर होण्यासाठीची पात्रता परीक्षा, होते, आणि परीक्षेची व तिच्या कोर्सची फी बहुतेक मोठ्या फर्म स्वतः भरतात. वर राहण्या-जेवण्यासाठी रक्कमही देतात. क्लासवाले हे सांगत नाहीत, कारण ते सांगितलं तर क्लासला कोण येणार?

गोंधळ होतो तो दोन वेगळ्या प्रक्रिया एकच समजल्यामुळे. एक सरकारी वळणाची: इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर म्हणून नाव नोंदवायचं, ते सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी, म्हणजे एसआरएकडे. दुसरी निव्वळ नोकरीची: फर्मनं दोन वर्षांसाठी ट्रेनी म्हणून घ्यायचं, म्हणजे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट. तिथली मुलं त्याला टीसी म्हणतात. आपल्या डोळ्यांसमोर शाळा सोडल्याचा दाखला किंवा लोकलमधला काळा कोट येतो, तो भाग वेगळा. पहिल्या प्रक्रियेचे नियम सगळ्यांना सारखे. दुसरीचे नियम प्रत्येक फर्मचे आपापले, आणि खरी चाळणी तिथेच लागते.

आणखी एक खुलासा. मराठी घरात विलायतेचा वकील म्हटलं की बॅरिस्टर आठवतो. डॉ. आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, तो मार्ग वेगळा होता आणि आजही वेगळाच आहे. बॅरिस्टर प्रामुख्यानं कोर्टात उभा राहतो. सॉलिसिटर अशिलाचं काम हाती घेतो, करार लिहितो, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार तडीस नेतो. मुंबईतही सॉलिसिटरची परीक्षा आहे, बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची, पण ती दिली म्हणून लंडनला सॉलिसिटर होता येत नाही.

एसआरए काय मागते

चार गोष्टी. पहिली, कोणत्याही विषयाची पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता. एलएलबीच हवी असं नाही. दुसरी, एसक्यूईचे दोन टप्पे. ही परीक्षा १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. पहिल्या टप्प्यात १८० प्रश्नांचे दोन पेपर, सगळे पर्यायी उत्तरांचे. दुसऱ्यात सोळा प्रात्यक्षिकं: बारा लेखी, चार तोंडी. दोन्हींची फी मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास जाते, कोर्सचे पैसे वेगळे. प्रत्येक टप्प्याला सहा वर्षांत तीनच संधी, आणि पहिल्या टप्प्यात एकेका बैठकीला निम्म्याच्या आसपास मुलं नापास झालेली आहेत. उगाच बघू तरी म्हणून बसायची ही परीक्षा नव्हे.

तिसरी गोष्ट, दोन वर्षांचा कामाचा अनुभव. तो जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून चालतो, परदेशातला चालतो, पण इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरनं किंवा संस्थेच्या तिथल्या नियम-पालन अधिकाऱ्यानं त्याला दुजोरा द्यावा लागतो. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळालं की त्यातली दोन वर्षं आपोआप इथे धरली जातात. चौथी, चारित्र्य आणि योग्यता. गुन्हे, दिवाळखोरी यांबरोबर कॉलेजात कॉपी किंवा दुसऱ्याचा मजकूर उचलल्याबद्दल झालेली कारवाईही इथे सांगावी लागते. एखादी जुनी चूक सांगितल्यानं मार्ग बंद होतोच असं नाही. लपवलेली सापडली तर मात्र फार जड जाते.

फर्मची चाळणी

फर्मना पदवीत टू-वन, म्हणजे ब्रिटिश पदवीतला वरचा द्वितीय वर्ग, हवा असतो. आपल्याकडच्या गुणांत तो साधारण साठ टक्क्यांच्या पुढे धरतात, पण विद्यापीठ बघून फर्म हा आकडा वर-खाली करते. बारावीचे गुणही विचारतात. आणि बहुतेक फॉर्म प्रत्येक सेमिस्टरच्या प्रत्येक पेपरचे गुण मागतात. एटीकेटी लागली असेल तर ती लिहायचीच. घरचं आजारपण, अपघात असं खरं कारण असेल तर त्यासाठी वेगळा रकाना असतो. तिथे दोन-तीन ओळींत सांगून कागद जोडायचा. करुणरसाची गरज नाही.

आता तारखा. इथेच आपली सर्वाधिक मुलं गळतात. मोठ्या फर्म साधारण दोन वर्षं आधी भरती करतात. अर्ज सप्टेंबरच्या सुमारास उघडतात, आणि व्हेकेशन स्कीमचे, म्हणजे सुट्टीतल्या एक ते तीन आठवड्यांच्या कामाचे, बरेचसे ऑक्टोबर ते जानेवारीदरम्यान बंद होतात. कित्येक फर्म आलेले अर्ज येतील तसे तपासतात, त्यामुळे शेवटची तारीख जानेवारीतली असली तरी जागा डिसेंबरातच संपत आलेल्या असू शकतात. व्हेकेशन स्कीम ही नुसती इंटर्नशिप समजू नका. बऱ्याच फर्म आपले बहुतेक ट्रेनी त्यातूनच उचलतात, काही तर फक्त त्यातूनच.

कायद्याच्या विद्यार्थ्यानं शेवटून दुसऱ्या वर्षी अर्ज करायचा. म्हणजे पाच वर्षांच्या कोर्सला चौथ्या वर्षी, तीन वर्षांच्या एलएलबीला दुसऱ्या. लंडनच्या काही फर्मनी आपल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून थेट ट्रेनी घेतले आहेत. तिथे प्लेसमेंट समिती तारखा कळवते. मुंबईच्या जीएलसी किंवा पुण्याच्या आयएलएससारख्या विधी महाविद्यालयात असाल तर फर्मच्या पानावर डोळा ठेवून स्वतःच अर्ज करायचा.

तिकडे एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करायला जाणाऱ्यांसाठी हे गणित आणखी टोकदार आहे. सप्टेंबरच्या अखेरीस तुम्ही हीथ्रोला उतरता, खोली, बँक खातं, लेक्चर यांत ऑक्टोबर जातो, आणि नोव्हेंबरात कळतं की अर्धे अर्ज बंद झाले. शिवाय अर्ज होतो दोन वर्षांनंतरच्या जागेसाठी, तर एलएलएम संपतं एका वर्षात. मधला काळ ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षण संपल्यावर तिथे काम करू देणाऱ्या व्हिसावर, काढता येतो, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचाच मिळणार आहे. उन्हाळ्यातली व्हेकेशन स्कीम एलएलएमच्या विद्यार्थ्याला अडचणीची ठरते तीही व्हिसामुळेच: प्रबंध लिहायचा तो उन्हाळा व्हिसाच्या दृष्टीनं सुट्टी नसते, त्यामुळे आठवड्याला वीस तासांची मर्यादा तेव्हाही लागू राहते. फॉर्म भरण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा विभागाला विचारा. आणि हो, ट्रेनी होण्यासाठी एलएलएम मुळात लागतच नाही. केवळ टीसीच्या आशेवर कर्ज काढून एलएलएमला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फॉर्ममधली ती तीन उत्तरं

कमर्शियल लॉ का, आमचीच फर्म का, आणि तूच का. दोनशे-तीनशे शब्दांची मर्यादा. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा असं असतं: "आपली फर्म जागतिक दर्जाची असून तिथली संस्कृती मला भावते." यातलं फर्मचं नाव बदलून दुसरं टाकलं तरी वाक्य तसंच चालतं. तीच त्याची परीक्षा. नाव बदलून चालणारं वाक्य खोडायचं.

मागे तासगावकडच्या एका मुलीचा मसुदा आला होता. पहिल्या खेपेला तिनं लिहिलं, "मला लहानपणापासून व्यापाराची आवड आहे." फोनवर विचारलं, म्हणजे नेमकं काय? तर वडील बेदाण्याचे व्यापारी. माल शीतगृहात ठेवतात, शीतगृहाच्या पावतीवर बँक कर्ज देते, आणि भाव पडला की बँकेचा माणूस आणखी तारण मागायला येतो. मी म्हटलं, अगं, हेच तर लिही. मालाच्या तारणावर कर्ज, तारण कोणाच्या ताब्यात, पावतीची किंमत काय, भाव पडला तर धोका कोणाचा: लंडनच्या बँकिंग विभागात मोठ्या आकड्यांवर हेच चालतं. दुसऱ्या मसुद्यात तिनं शीतगृहाची ती पावती पाच ओळींत मांडली, आणि ती फर्म वस्तूंच्या व्यापाराला होणाऱ्या कर्जपुरवठ्यात काम करते हे धरून दोन्ही जोडलं. फर्म ज्याला कमर्शियल अवेअरनेस म्हणतात ते हे. रोज परदेशी अर्थविषयक दैनिक वाचण्यानं ते येतंच असं नाही.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेली उत्तरं पुष्कळ येतात. काही फर्म त्याबद्दलचा नियम फॉर्मवरच छापतात, तो वाचा. माझी तक्रार वेगळी आहे: ती सगळी उत्तरं एकमेकांची जुळी भावंडं दिसतात.

चाचणी आणि मुलाखत

फॉर्मनंतर अनेक फर्म वॉटसन-ग्लेझर नावाची तर्कशक्तीची चाचणी घेतात. सहसा चाळीस प्रश्न, तीस मिनिटं. एक नमुना मीच रचून देते. उतारा: 'एका कंपनीनं यंदा पुण्यातली दोन दुकानं बंद केली आणि ऑनलाइन विक्री सुरू केली.' निष्कर्ष: 'कंपनीची दुकानं तोट्यात होती.' पर्याय: खरं, बहुधा खरं, माहिती अपुरी, बहुधा खोटं, खोटं. आपण पटकन 'बहुधा खरं' म्हणतो, कारण लक्ष्मी रोडवरची बंद शटरं डोळ्यांसमोर येतात. उत्तर आहे 'माहिती अपुरी'. भाडेकरार संपला असेल, मालकानं इमारत पाडायला काढली असेल. उताऱ्याबाहेरचं शहाणपण बाजूला ठेवता येतं का, हे असे प्रश्न तपासतात, आणि हुशार मुलंच तिथे जास्त चुकतात.

पुढे रेकॉर्ड केलेली व्हिडिओ मुलाखत, मग असेसमेंट सेंटर: एखाद्या व्यवहाराची फाइल वाचून लेखी टिपण, गटचर्चा आणि पार्टनरपुढे मुलाखत. पार्टनरला 'सर-मॅडम' करत बसू नका, तिथे पहिल्या नावानं हाक मारतात. आपल्या मुलांना हे सुरुवातीला फार जड जातं. पार्टनर मुद्दा खोडून काढायला लागला की लगेच "हो, बरोबर आहे तुमचं" म्हणून माघार घेऊ नये. तो बहुतेकदा तुम्ही टिकता का ते बघत असतो.

कागदपत्रं

अर्जाच्या वेळी फारसे कागद लागत नाहीत, सगळं टंकून भरायचं असतं. ऑफर आली की मात्र मागणी सुरू होते: दहावी, बारावी, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, पासपोर्ट, आधीच्या नोकरी-इंटर्नशिपची पत्रं, दोन संदर्भ, राहत्या पत्त्यांचा इतिहास, पोलिसांकडचं चारित्र्य प्रमाणपत्र. पदवीची तुलना दाखवणारं यूके एनिकचं पत्र काही ठिकाणी मागतात.

खरा घोळ नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं, आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव शेवटी. पदवीवर कधी वडिलांचं नाव पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी एक थर. लंडनच्या पडताळणी कंपनीतल्या माणसाला ही एकच व्यक्ती आहे हे कळत नाही आणि तो फाइल अडवून ठेवतो. उपाय साधा: फॉर्मवर पहिल्यापासून पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा, आणि एकाच व्यक्तीची ही सगळी नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभ होईपर्यंत हातात येत नाही, म्हणून तात्पुरतं प्रमाणपत्र निकालाच्या आठवड्यातच काढून घ्या.

स्किल्ड वर्कर व्हिसासाठी फर्म प्रायोजकत्वाचा क्रमांक देते. भारतातून अर्ज करणाऱ्याला मान्यताप्राप्त केंद्रातून टीबी चाचणीचं प्रमाणपत्र लागतं; ते सहा महिनेच चालतं, त्यामुळे फार आधी करून ठेवू नका. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, पूर्ण मुदतीचा एकदम. तो फर्म देणार की तुम्ही, हे ऑफर स्वीकारतानाच विचारून घ्या. फर्म लहान असेल तर ती व्हिसा प्रायोजित करते का, हे अर्जाआधीच बघायचं. सगळ्या करत नाहीत.

ज्यांच्याकडे सनद आहे

महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद घेऊन काही वर्षं प्रॅक्टिस केलेल्यांनी ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टच्या मागे लागावं का? माझ्या मते बहुधा नाही. एसआरएच्या लेखी तुम्ही आधीच पात्र वकील आहात, त्यामुळे दोन वर्षांच्या अनुभवाची अट तुम्हाला लागू नाही. एसक्यूई द्यावी लागते. दुसऱ्या टप्प्यातून अनुभवाच्या आधारे सूट मागता येते. त्यासाठी सनदेनंतरचा किमान दोन वर्षांचा अनुभव आणि केलेल्या कामाचे तपशीलवार पुरावे लागतात, म्हणून मसुदे, वकीलपत्रं, सीनियरचं पत्र आतापासून जपून ठेवा. पहिला टप्पा भारतातल्या केंद्रावरच देता येतो. सूट मिळाली नाही, तर दुसऱ्या टप्प्याच्या चार तोंडी प्रात्यक्षिकांसाठी मात्र इंग्लंड किंवा वेल्सला जावंच लागतं, आणि तिकीट-व्हिसाचा तो खर्च क्लासच्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेला नसतो.