पेजरची डुलकी

नव्वदच्या दशकात मुंबईतल्या कुठल्याही डॉक्टरच्या पट्ट्याला एक काळी डबी अडकवलेली दिसायची. ती पिपाणीसारखी वाजली, की तिच्या पट्टीवर फोन नंबर उमटायचा आणि डॉक्टरसाहेब जवळचा पीसीओ गाठायचे. डबीतून उत्तर द्यायची सोयच नव्हती. आज हसू येतं खरं, पण त्या डबीतला एक पेन्सिल सेल कित्येक आठवडे पुरायचा. आपला मोबाइल संध्याकाळीच मान टाकतो.

कारण सोपं आहे: पेजर बहुतेक वेळ झोपलेला असतो. मग आपल्याला हाक मारलेली त्याला कळते कशी?

ही करामत पोक्सॅग नावाच्या संकेतपद्धतीची. ब्रिटनच्या टपाल खात्याच्या पुढाकाराने ती ठरली. प्रक्षेपक निरोपाआधी नुसतं १-०-१-० असं घोकत बसतो, निदान ५७६ बिट. सेकंदाला ५१२ बिटांच्या वेगाने याला सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. पेजरने दर सेकंदाला क्षणभर कान टवकारले तरी हे घोकणं त्याच्या कानावर पडतंच. काही ऐकू आलं नाही, की पुन्हा डुलकी.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. निरोप आठ-आठ कप्प्यांच्या गठ्ठ्यांत येतात. आपला कप्पा कोणता? प्रत्येक पेजरला स्वतःचा क्रमांक असतो. त्याला ८ ने भागा, बाकी उरेल तो कप्पा. क्रमांक १२३४५६७ असेल तर बाकी ७. कप्पे शून्यापासून मोजायचे, म्हणजे हा शेवटचा. गठ्ठ्याच्या सुरुवातीची खूण ऐकून हा पठ्ठ्या सात कप्पे खुशाल झोपतो आणि स्वतःच्या कप्प्यापुरता, सेकंदाचा आठवा हिस्सा, जागा होतो. शिवाय निरोपाच्या ३२ बिटांच्या प्रत्येक तुकड्यात ११ बिट नुसत्या पडताळणीचे, त्यामुळे खरखरीत एखाद-दोन बिट उलटले तरी ते दुरुस्त करता येतात.

साध्या पेजरमध्ये प्रक्षेपक नसतोच. साहजिकच तो कुठे आहे हे टॉवरला कळत नाही, म्हणून एकाच माणसाचा निरोप साऱ्या शहरावर उधळावा लागतो. त्या क्षणी तुम्ही तळघरात असलात, तर निरोप हवेत विरला. पेजर कंपनीच्या ऑपरेटर बाई ‘मेसेज पाठवलाय’ एवढंच सांगायच्या. पोचला का, ते त्यांनाही ठाऊक नसायचं.