व्हिक्टोरियन कविता चौकटीत कशी आली

टेनिसन किंवा हेन्ली या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रज कवींच्या ओळींचे छापील फलक आज दिवाणखान्यासाठी सर्रास विकत मिळतात. ही आवड बरीच जुनी आहे. कवी आणि चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोझेटीने 1849 साली लंडनच्या प्रदर्शनात येशूच्या आईचे, मेरीच्या बालपणाचे चित्र ठेवले, तेव्हा स्वतःची दोन सुनीते सोनेरी कागदावर उतरवून चौकटीलाच लावली होती. चित्र आणि कविता एकाच खिळ्याला टांगली गेली.

कवितेला घरोघरी जायचे तर छपाई हवी. प्रकाशक मॉक्सनने 1857 मध्ये टेनिसनच्या कवितांची सचित्र आवृत्ती काढली. चित्रकारांत मिले, हंट आणि रोझेटी होते. चित्रकार लाकडी ठोकळ्यावर आरशातल्यासारखे उलटे चित्र काढी. मग दाल्झिएल बंधूंसारखे कसबी कोरक्ये रेघांमधली जागा खोदून काढीत आणि उंच राहिलेल्या रेघांना शाई लागे. अक्षरांचे खिळे, म्हणजे धातूचे ठसे, आणि ठोकळा एकदमच यंत्रावर चढत, त्यामुळे ओळी व चित्र एकाच दाबात उमटे. मूळ रेखाटन मात्र कोरण्यातच नाहीसे होई, म्हणून रोझेटी कोरणाऱ्यांवर सतत वैतागलेला. ‘द लेडी ऑफ शॅलॉट’ या कवितेच्या चित्रावरून टेनिसनचा राग हंटवर होता: शॅलॉटच्या स्त्रीचे केस असे उधळलेले मी लिहिले कुठे? तक्रार रास्तच, पण चित्र झकास आहे. साडेएकतीस शिलिंगांचे ते पुस्तक फारसे खपले नाही.

शॅलॉटच्या त्याच कवितेवर चित्रकार वॉटरहाऊसने 1888 मध्ये होडीतल्या नायिकेचे तैलचित्र केले. आज पोस्टरवर बहुधा तेच दिसते. कविता वाचलेली नसली तरी चालते.

हेन्लीची गोष्ट वेगळी. हाडाच्या क्षयाने एक पाय गेलेला, दुसरा वाचवण्यासाठी तो एडिंबराच्या इस्पितळात शल्यविशारद लिस्टरकडे उपचार घेत होता. तिथे 1875 मध्ये लिहिलेली कविता 1888 च्या संग्रहात आली, तीही शीर्षकाविना. ‘इन्विक्टस’ हे नाव क्विलर-कूच या संपादकाने 1900 साली आपल्या कवितासंकलनात दिले. फलकावर सगळ्यात मोठ्या टायपात असते ते हेच उसने नाव.

याच रांगेत किपलिंगची ‘इफ’ही लागते. कवी मुंबईत जन्मलेला, पण कविता छापली गेली 1910 मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया राणी जाऊन नऊ वर्षांनी. कचेऱ्यांत आणि झोपायच्या खोल्यांत टांगायला तिची कार्डे निघाली, संकलनांत ती वीट येईपर्यंत छापली गेली, असे किपलिंगने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.