सरकारी वकिलाच्या पॅनलसाठी अर्ज: सात वर्षांची प्रॅक्टिस कागदावर कशी दाखवायची

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे मराठी ज्युनियर अर्ज भरायला माझ्याकडे येतात. कायदा येत नाही म्हणून कुणाचा अर्ज बाद झालेला मी पाहिलेला नाही. जे गेले ते कागदापायी गेले. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी जाहिरात नेमकी कोणत्या पदाची आहे ते वाचा. असिस्टंट पब्लिक प्रॉसिक्युटर (फौजदारी खटल्यांतला सहायक सरकारी वकील) ही कायम नोकरी आहे. तिची परीक्षा वेगळी, अधिसूचना वेगळी. जिल्हा सरकारी वकिलासारख्या पदांवर वकिलीतल्या माणसाची नेमणूक होते, आणि तिला 1977 चे कर्नाटक लॉ ऑफिसर्स नियम लागू होतात. पब्लिक प्रॉसिक्युटरसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 18 पाहायचं. जुन्या फौजदारी संहितेत हेच कलम 24 होतं. पब्लिक किंवा ॲडिशनल पब्लिक प्रॉसिक्युटर व्हायला किमान 7 वर्षांची वकिली लागते, स्पेशल पब्लिक प्रॉसिक्युटरला 10. जिल्हा पातळीवर डीसी (डेप्युटी कमिशनर, म्हणजे जिल्हाधिकारी) सेशन्स जज्जांशी सल्लामसलत करून नावांचं पॅनल करतात आणि पॅनलबाहेरच्या माणसाची नेमणूक होत नाही. मात्र राज्यात प्रॉसिक्युटरांचं नियमित केडर, म्हणजे कायम नोकरीतला संवर्ग, असेल तर ही पदं त्या केडरमधूनच भरायची, असंही त्याच कलमात आहे. त्यामुळे कुणीतरी सांगितलं म्हणून अर्ज करू नका. मूळ जाहिरात हातात घ्या.

आता खरी अडचण, सात वर्षांचा पुरावा. सनदेची तारीख दाखवली की झालं, असं पोरांना वाटतं. सनद म्हणजे परवाना. काम केल्याचा पुरावा वेगळा द्यावा लागतो. गेल्या पावसाळ्यात खानापूरकडचा एक मुलगा फाइल घेऊन आला. नऊ वर्षं रोज कोर्टात उभा राहिलेला, साक्षीदारांचे उलटतपास घेतलेला. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर वकिलाच्या नावाने शोधलं तर त्याच्या नावावर अकरा प्रकरणं निघाली. बाकी सगळीकडे सीनियरचं नाव. वकीलपत्रावर सही सीनियरची, रोजनाम्यात नोंद सीनियरची. तो गप्प बसून स्क्रीनकडे बघत होता. मग आम्ही दोन दिवस बसून जुन्या निकालपत्रांत जिथे जिथे हजर वकील म्हणून त्याचं नाव होतं, त्यांच्या सर्टिफाइड कॉपींसाठी अर्ज लावले. सगळ्या कॉपी मुदतीत मिळाल्या नाहीत.

तेव्हा ज्युनियर असाल तर आजपासून प्रत्येक वकीलपत्रावर स्वतःचं नाव आणि नोंदणी क्रमांक घाला. सीनियरना विचारायला संकोचू नका, चांगला सीनियर नाही म्हणत नाही. दाव्यांची यादी दरवर्षी करत जा: कोर्ट, नंबर, तुम्ही कोणत्या बाजूने, निकाल काय. जाहिरात आल्यावर पंधरा दिवसांत सात वर्षं गोळा होत नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्याच भागातली. बरेचजण कोल्हापुरात लॉ करतात आणि सनदही महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची घेतात. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 30 प्रमाणे ती सनद देशभर चालते, त्यामुळे बेळगावात वकिली करायला कुणी अडवत नाही. पण कर्नाटक बार कौन्सिलची नोंदणी मागितलेली असेल तिथे नंबर महाराष्ट्राचा दिसला की फाइल बाजूला पडते. त्याच कायद्याच्या कलम 18 खाली नाव एका राज्याच्या यादीतून दुसऱ्या राज्याच्या यादीत नेता येतं. अर्ज बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे करायचा. त्याला वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट न बघता आधीच उरकून घ्या. ऑल इंडिया बार एक्झाम पास झाल्याचं सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिसही फाइलमध्ये ठेवा. अनेकांनी ते कुठेतरी ठेवलेलं असतं आणि ऐनवेळी सापडत नाही.

नावाचा घोळ तर घरोघरी आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, सनदेवर नुसती इनिशियल. मराठी शाळेचा दाखला, कन्नडमधला जातीचा दाखला आणि इंग्रजी डिग्री, तिन्हीकडे स्पेलिंग वेगळं. ही सगळी एकच व्यक्ती आहे असं ॲफिडेव्हिट नोटरीसमोर करून जोडा. मराठी दाखल्यांची भाषांतरंही सोबत द्या. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं इंग्रजी नाव Belgaum चं Belagavi झालं, त्याआधीच्या कागदांवर जुनं नाव असतं. तो दोष नाही, पण काउंटरवरच्या माणसाने हरकत घेतली तर न चिडता ही तारीख सांगा.

मुदत वाचताना जाहिरातीतलं कन्नड क्रियापद बघा. ‘तलुपबेकु’ म्हणजे पोहोचला पाहिजे. शेवटच्या दिवशी स्पीडपोस्ट केलं आणि पावती सांभाळून ठेवली, तिचा काही उपयोग नाही. दर वेळी दोघं-तिघं असेच घालवतात, आणि फार वाईट वाटतं. मराठीतून जाहिरात आणि अर्ज का नाही, हा प्रश्न रास्त आहे, मीही तो विचारत आलोय. पण तोवर कन्नड वाचता आणि लिहिता आलंच पाहिजे, नुसतं बाजारात बोलण्यापुरतं नव्हे. एफआयआर, चार्जशीट, जबाब सगळं कन्नडमध्ये येतं, आणि सरकारची बाजू मांडणाऱ्याला ते दुसऱ्याकडून वाचून घेऊन चालणार नाही.

पोलीस व्हेरिफिकेशनबद्दल मुलं हळू आवाजात विचारतात. 1 नोव्हेंबरला सीमाभागातले मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीत किंवा एखाद्या मोर्चात नाव गोवलं गेलेलं असतं. लपवू नका. गुन्ह्याची माहिती दडवल्याने काय होतं, यावर सुप्रीम कोर्टाचा 2016 चा अवतार सिंग खटल्यातला निकाल आहे, तो वाचा. क्षुल्लक प्रकरणाकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला असतो, पण तुम्ही ते सांगितलेलं असेल तर तुमची बाजू मजबूत राहते. निर्दोष सुटला असाल तर निकालाची सर्टिफाइड कॉपी जोडा. केस चालू असेल तर नंबर, कलमं आणि पुढची तारीख लिहा.

घरचे विचारतात, पुढे काय? प्रॉसिक्युटर म्हणून केलेलं काम नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 18 मध्ये वकिलीतच मोजलं जातं, आणि जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीसाठीही ते धरलं जातं, हे 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय. धारवाडला हायकोर्टाचं पीठ 2008 पासून आहे आणि 2013 मध्ये ते कायम झालं. त्यामुळे हायकोर्टात सरकारची बाजू मांडायला बेंगळुरूलाच बिऱ्हाड हलवावं लागत नाही. सगळ्यात वरचं पद ॲडव्होकेट जनरलचं. घटनेच्या कलम 165 खाली राज्यपाल नेमतात, आणि हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायची पात्रता लागते.

फोटो, फी, झेरॉक्सवर सही हे जाहिरातीप्रमाणे करा. अर्ज शक्यतो स्वतः डीसी ऑफिसमध्ये नेऊन द्या, कोर्टापासून लांब नाही. दोन प्रती न्या. टपाल सेक्शनमध्ये दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणाले तर तिथेच बाकावर बसून राहा.