व्हिडिओ संकलन साधने : एआय एजंटांचे प्रवेश-नियंत्रण

भाषा-मॉडेलच्या आधारे कामाची पावले स्वतः ठरवून बाहेरची साधने चालवणाऱ्या प्रणालीस एआय एजंट म्हणतात. अशा एजंटाने व्हिडिओ संकलनाची कोणती साधने चालवावीत, कोणत्या फायलींत लिहावे आणि कोठे थांबून संकलकाची संमती घ्यावी, हे ठरवणारी व्यवस्था म्हणजे प्रस्तुत प्रवेश-नियंत्रण.

या व्यवस्थेच्या वैचारिक उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ संगणकशास्त्रज्ञ जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ‘किमान अधिकार’ या तत्त्वात आहे : प्रत्येक प्रोग्रॅमला कामापुरतेच अधिकार असावेत. दुसरे मत त्यामागे, १९६६ पर्यंत जाते. त्या वर्षी संगणकशास्त्रज्ञ जॅक डेनिस व अर्ल व्हॅन हॉर्न यांनी ‘केपेबिलिटी’ची, म्हणजे विशिष्ट वस्तूवरील विशिष्ट अधिकार सोबत वाहणाऱ्या किल्लीची, कल्पना मांडली. एजंटांच्या संदर्भात दुसरे मत अधिक उपयुक्त वाटते. त्याचे कारण नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये नोंदवलेल्या प्रसंगात सापडते. एका कंपायलरला, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमला, स्वतःची आकडेवारी ठेवण्यासाठी एका डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा होती. वापरकर्त्याने आउटपुट फाइल म्हणून त्याच डिरेक्टरीतल्या बिलांच्या फाइलचे नाव दिले आणि कंपायलरने ती पुसून त्यावर लिहिले. वापरकर्त्याला तो अधिकार नव्हता, कंपायलरला होता; नुसत्या नावाऐवजी त्या फाइलची किल्ली द्यावी लागली असती, तर हे टळले असते. मूळ फुटेज (चित्रित साहित्य) असलेल्या फोल्डरमध्येच रेंडर, म्हणजे संकलनातून तयार झालेली व्हिडिओ फाइल, लिहिण्याची मुभा मिळालेल्या एजंटाकडून नेमके हेच घडू शकते. म्हणून मूळ फुटेज केवळ वाचण्यापुरते खुले ठेवून रेंडरसाठी वेगळा फोल्डर देणे हा या क्षेत्रातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय मानावा लागतो.

साधनांच्या पातळीवर एफएफएमपेग (२०००) या व्हिडिओ रूपांतराच्या मुक्त प्रोग्रॅमचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या आदेशात ‘-वाय’ लिहिल्यास त्याच नावाची फाइल न विचारता पुसून लिहिली जाते, तर ‘-एन’ लिहिल्यास काम तेथेच थांबते. साधारण २०१६ च्या सुमारास असे दाखवून देण्यात आले, की व्हिडिओ म्हणून दिलेली प्लेलिस्ट या प्रोग्रॅमकडून संगणकावरील भलतीच फाइल वाचून घेऊ शकते. प्रोटोकॉलांची, म्हणजे फाइल मिळवण्याच्या मार्गांची, अनुमत यादी हा त्यावरील उपाय होय. एजंटाला टर्मिनल (संगणकाला कोणताही आदेश देण्याची खिडकी) मोकळे देण्यापेक्षा ‘कापणे’, ‘जोडणे’, ‘रेंडर करणे’ अशी मोजकी साधने देणे यामुळेच श्रेयस्कर ठरते. डाविंची रिझॉल्व्ह या संकलन सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्टना (आदेशांच्या छोट्या प्रोग्रॅमना) मनाई, स्थानिक आणि नेटवर्क असे तीन पर्याय आहेत. मात्र एकदा प्रवेश दिल्यावर कोणत्या टाइमलाइनला (दृश्यांच्या क्रमवार मांडणीला) हात लावावा, हे त्या पर्यायांतून ठरत नाही.

अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमुळे साधने एजंटाशी जोडण्याची सामाईक रीत मिळाली. एखादे साधन केवळ वाचते की विध्वंसक बदल करते, याची खूण त्यात करता येते. परंतु ते साधन पुरवणारा सर्व्हर विश्वासू नसेल तर ती खूण ग्राह्य धरू नये, असे प्रोटोकॉलच सांगतो. ही सावधगिरी योग्यच आहे, कारण सबटायटलच्या फाइलमध्ये कोणी पेरलेले वाक्यही एजंटाला आज्ञा वाटू शकते.

तयार व्हिडिओच्या प्रसारणासाठी सहसा ओऑथ २.० (२०१२) या, पासवर्ड न देता प्रवेश सोपवण्याच्या मानकातील मर्यादित परवाने वापरतात. यूट्यूबवर केवळ पाहण्याचा आणि व्हिडिओ चढवण्याचा असे परवाने वेगवेगळे मागता येतात.