खानदेशातली मंडळी: बिशपाविना, घरातल्या सभेतून

नवापूर, नंदुरबारकडच्या अलायन्स परंपरेतल्या मंडळ्यांना (स्थानिक चर्चना) बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवरचा धर्माधिकारी, नाही. पाळक असतो, मंडळीतले वडील म्हणजे ज्येष्ठ पुढारी असतात, बाप्तिस्मा घेतलेले सभासद असतात. ही रचना समजून घ्यायला स्वीडनला जावं लागतं.

स्वीडनमध्ये 1726 साली एक कायदा झाला. सरकारी चर्चच्या अधिकृत पाळकाशिवाय घरात जमून बायबल वाचायचं नाही, प्रार्थनासभा घ्यायची नाही. तो 1858 पर्यंत टिकला, तरी लोक जमत राहिले. अशा सभांतून वाढलेल्या धर्मजागृतीत घडलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन यांनी 1890 मध्ये अमेरिकेत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन स्थापन केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे मिशनरी पश्चिम खानदेशात आले. सरकारी चर्चवरचा अविश्वास त्यांच्यासोबतच आला असावा.

त्यांचा आधार बायबलच्या नव्या करारात होता. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2: यरुशलेमेतले विश्वासणारे प्रेषितांचं शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना यांत तत्पर राहिले. ते रोज मंदिरात जमत आणि घरोघरी भाकर मोडत; मंडळीच्या स्वतःच्या इमारतीचा तिथे उल्लेख नाही. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या तर घरातच मंडळी जमायची. ही सहभागिता सुरळीत होती असंही नाही. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीच्या भोजनाला, कोणी उपाशी राही, तर कोणी पिऊन झिंगलेला असे. प्रेषित पौलाने पत्रातून त्यांना खरमरीत सुनावलं आणि पुढच्याच अध्यायात ‘एक शरीर, अनेक अवयव’ ही शिकवण मांडली. ती गोड सुविचारासारखी भिंतीवर टांगली जाते, पण तिच्यामागे पंक्तीतला भेदभाव आहे, हे विसरलं जातं. जातीची उतरंड माहीत असलेल्या आपल्या मुलखात तरी ते विसरायला नको.

मिशनांनी कामाचे इलाखे वाटून घ्यायची प्रथा होती. भुसावळ-जळगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या दुसऱ्या मिशनचं काम वाढलं. त्यामुळे अमुक गावचा ख्रिस्ती कोणत्या पंथाचा, हे बऱ्याचदा त्याच्या श्रद्धेपेक्षा नकाशानेच ठरवलं. मिशनच्या कंपाउंडात शाळा, दवाखाना आणि नोकऱ्याही असत, म्हणून मंडळी आणि मिशन यांतली रेघ पुसट होत गेली.

1970 मध्ये नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा नवापूर, नंदुरबारकडच्या या अलायन्स मंडळ्या त्यात गेल्या नाहीत. बिशप असलेली रचना त्यांच्या घडणीत बसणारी नव्हती.