जुन्या जीपचं साल नको, इंजिनाचा नंबर सांगा

विलिज, फोर्ड आणि सीजे (विलिजच्या नागरी) जीपच्या पेट्रोल इंजिनाचे भाग मागवणाऱ्या ग्राहकांसाठी

"आमची जीप अठ्ठावन सालची आहे, हेड गॅस्केट मिळेल का?" हा प्रश्न आमच्याकडे रोज येतो, आणि एवढ्या माहितीवर त्याचं खात्रीचं उत्तर देता येत नाही. आरसी बुकातलं साल खोटं असतं असं नाही, पण जुन्या जीपच्या बाबतीत ते बहुधा नोंदणीचं साल असतं. १९४४ साली बनलेली जीप लष्कराच्या ताब्यात राहिली, पुढे लिलावात विकली गेली आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा आरटीओच्या दप्तरी चढली. त्यानंतर तिची बॉडी बदलली असेल, आणि इंजिन तर बहुतेकदा बदललेलंच असतं. आपण भाग लावणार आहात तो इंजिनाला. तेव्हा साल इंजिनालाच विचारायला हवं.

आरसी बुकातल्या 'क्युबिक कपॅसिटी'चाही इथे उपयोग होत नाही. जुन्या सपाट हेडचं 'गो डेव्हिल' इंजिन आणि त्यानंतरचं 'हरिकेन', दोन्ही १३४ घनइंची, म्हणजे साधारण २२०० सीसी. बोअर ३ १/८ इंच, स्ट्रोक ४ ३/८ इंच, दोन्हींत तंतोतंत तेच. हेड, हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह आणि कार्बोरेटर मात्र एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. आमच्याकडे परत येणाऱ्या गॅस्केट सेटमध्ये हीच गल्लत सर्वांत जास्त असते. पाकीट फोडून ब्लॉकवर ठेवून पाहिलेला सेट आम्ही परत घेत नाही. तांब्याच्या गॅस्केटला एकदा दाब बसला, वळ उठला, की तो दुसऱ्या गिऱ्हाईकाला विकणं आम्हाला पटत नाही.

पहिली ओळख बोनेट उघडून, लांबूनच होते. हेड पातळ आणि सपाट असेल, चारही स्पार्क प्लग वरून उभे असतील आणि कार्बोरेटर बाजूच्या मॅनिफोल्डवर बसलेला असेल, तर ते गो डेव्हिल. हेड उंच, त्यावर रॉकर कव्हर, कार्बोरेटर थेट हेडवर आणि बाजूला फक्त एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असेल तर ते हरिकेन. हरिकेनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणून त्याची उंची वाढली. सीजे-३बीचं बोनेट उंच आहे ते याच इंजिनासाठी. युद्धकाळातल्या बुटक्या बोनेटच्या जीपला मध्येच कापून उंचवटा केलेला दिसला, तर आत हरिकेन बसवलेलं असण्याची शक्यता दाट.

नंबर कुठे असतो

ब्लॉकच्या पुढच्या वरच्या भागात, वॉटर पंपाजवळ, मशीन मारलेली एक छोटी सपाट जागा असते. इंजिनाचा नंबर तिथे पंचाने ठोकलेला असतो. युद्धकाळातल्या जीपमध्ये, म्हणजे विलिजच्या एमबी आणि फोर्डच्या जीपीडब्ल्यूमध्ये, ही जागा ब्लॉकच्या उजव्या अंगाला आहे. मात्र गाडीचं उजवं-डावं हे सीटवर बसून पुढे बघताना धरायचं. बंपरसमोर उभं राहून 'उजवीकडे काहीच नाही' असं कळवणारे फोन आम्हाला नेहमी येतात.

आणि इथेच ती चूक होते, जिच्यामुळे तुमचा आणि आमचा सर्वांत जास्त वेळ जातो. ब्लॉकच्या अंगावर उठावाचे आकडे असतात. एमबीच्या ब्लॉकवर नेहमी दिसणारा आकडा ६३८६३२. तो मोठा आणि स्वच्छ असतो, लांबूनही वाचता येतो, म्हणून लोक त्याचाच फोटो पाठवतात. पण तो साच्याचा नंबर आहे. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक ब्लॉकवर तो तसाच आलेला असणार. त्यावरून ब्लॉक कोणत्या नमुन्याचा आहे एवढंच समजतं. ते कोणतं इंजिन, टायमिंग चेनचं की गिअरचं, त्याचे बेअरिंग स्टँडर्ड की अंडरसाइझ, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. फरक बोटाने कळतो: साच्याचे आकडे बोटाला वर लागतात, इंजिनाचा नंबर खोलगट लागतो. खोलगट तो आमच्या कामाचा.

पंचाच्या अक्षरांत थोडी उंचसखलता असली, एखादं अक्षर तिरकं असलं, तर घाबरून जाऊ नका. तेवढ्यावरून नंबर बनावट ठरत नाही.

नंबराच्या पुढची अक्षरं

नंबराआधी येणारी अक्षरं इंजिनाची जात सांगतात. एमबी म्हणजे विलिजने १९४१ ते १९४५ दरम्यान बनवलेलं युद्धकाळातलं इंजिन. जीपीडब्ल्यू म्हणजे फोर्डने बनवलेलं तेच इंजिन. यातला जी सरकारी गाडीचा, पी ८० इंची व्हीलबेसचा आणि डब्ल्यू विलिजच्या रचनेचा. फोर्ड आपल्या भागांवर वळणदार एफ ठोकत असे, अगदी बोल्टच्या डोक्यावरही. म्हणून जुन्या बोल्टांचं खोकं भंगारात घालण्यापूर्वी एकदा आम्हाला दाखवा. एफचे बोल्ट आम्ही विकतोही आणि विकतही घेतो.

नुसतं जे म्हणजे १९४५ ते १९४९ची सीजे-२ए. ३जे म्हणजे सीजे-३ए. ४जे म्हणजे सीजे-३बीचं हरिकेन. एमसी हे एम३८ या लष्करी जीपचं, एमडी हे लष्करी एम३८ए१चं. मुंबईत महिंद्रांकडे जुळणी झालेल्या किंवा पुढे इथेच बनलेल्या गाड्यांसाठी नंबराबरोबर हेडचा आणि डॅशवरच्या पट्टीचाही फोटो पाठवा.

'चॅसिस आणि इंजिनाचा नंबर जुळत नाही, म्हणजे गाडी भेसळीची' असं सांगून भाव पाडणारे दलाल पुष्कळ आहेत. हे समजून घ्या. फोर्डच्या जीपीडब्ल्यूमध्ये फ्रेमवरचा नंबर आणि इंजिनाचा नंबर कारखान्यातून एकच असे. तो जुळत नसेल तर इंजिन बदललेलं आहे. विलिज एमबीमध्ये मात्र हे दोन नंबर पहिल्या दिवसापासूनच वेगळे होते. एमबीचे नंबर न जुळणं हा दोष नाही, कारखान्याची पद्धतच तशी होती. आणि एमबीच्या चॅसिसवर जीपीडब्ल्यूचं इंजिन दिसलं, तरी ती गॅरेजवाल्याची लबाडीच असेल असं नाही. दोन्ही इंजिनं एकमेकांच्या जागी बसावीत म्हणूनच सारखी बनवली होती आणि लष्करी दुरुस्तीत ती तशी बसवलीही जात.

चेन की गिअर

सीजे-२एच्या मालकांनी हा भाग नीट वाचावा. एमबी आणि जीपीडब्ल्यू इंजिनांत कॅमशाफ्ट टायमिंग चेनवर फिरतो. सीजे-२एमध्येही सुरुवातीला चेनच होती; इंजिन नंबर जे ४४४१७च्या सुमाराला कारखान्याने ती काढून टायमिंग गिअर बसवले. चेनवर कॅमशाफ्ट क्रँकच्याच दिशेने फिरतो, तर दोन गिअर एकमेकांत अडकले की उलट दिशेने. म्हणून गिअरच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट वेगळा, आणि त्याच्यावर चालणाऱ्या ऑइल पंपाच्या गिअरचे दात उलट बाजूला तिरके. डिस्ट्रिब्युटर पंपाच्याच शाफ्टवर फिरतो, तेव्हा त्याची दिशा कायम राखायला हे करावंच लागतं.

बाहेरून दोन्ही पंप भावाभावांसारखे दिसतात. चेनच्या इंजिनात गिअरचा पंप घातला तर दात दातांत बसत नाहीत. काही मेकॅनिक तो हातोडीने दाबून बसवतात आणि मग कॅमशाफ्टवरचे दातच जातात. पंप बदलता येतो, पण कॅमशाफ्टसाठी अख्खं इंजिन खोलावं लागतं. ऑइल पंप मागताना नंबर सांगाच. आणि मधल्या काळात कोणी चेन काढून गिअर बसवल्याची शंका असेल, तर टायमिंग कव्हर उघडून बघा. दुसरा उपाय नाही.

सेल्फच्या तक्रारीतही हीच गोष्ट. युद्धकाळच्या इंजिनाच्या फ्लायव्हील रिंगला ९७ दात, पुढच्या इंजिनांना १२४ किंवा १२९. सेल्फ करकरतो, बेंडिक्स (सेल्फचा फ्लायव्हीलला लागणारा गिअर) पुन्हापुन्हा तुटतो, आणि सेल्फ बदलूनही फरक पडत नाही, तर आधी दात मोजा. एका दातावर खडूने खूण करा, हँडलने इंजिन सावकाश फिरवा आणि मोजा. दहा मिनिटांचं काम आहे.

नंबराच्या मागचं अक्षर

नंबर लिहून घेताना शेवटचं अक्षर गाळलं जातं, आणि इंजिन खोलणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. ए असेल तर मेन आणि कनेक्टिंग रॉड बेअरिंग दोन्ही कारखान्यातूनच दहा थाऊ, म्हणजे ०.२५४ मिलिमीटर अंडरसाइझ. बी असेल तर पिस्टन दहा थाऊ ओव्हरसाइझ. एबी असेल तर दोन्ही. डी असेल तर फक्त मेन जर्नल अंडरसाइझ, ई असेल तर फक्त रॉडचे जर्नल. इतक्या वर्षांत क्रँक पुन्हा ग्राइंड झालेला असू शकतो, म्हणून मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय आम्ही बेअरिंग देत नाही. तरी अक्षर माहीत असलं तर मोजमापाचं आश्चर्य वाटत नाही, आणि लेथवाल्याला चुकीचा दोष जात नाही.

कार्बोरेटरबद्दल थोडक्यात: एमबी आणि जीपीडब्ल्यूवर कार्टरचा डब्ल्यूओ ५३९एस, हरिकेनवर कार्टरच्या वायएफ मालिकेतला ९३८. आज बहुतेक गाड्यांवर सोलेक्स दिसतो. तो चांगला चालत असेल तर निव्वळ हौसेपायी बदलू नका. ओरिजिनल हवाच असेल तर आमच्याकडे दोन्ही कार्टर दुरुस्त करून मिळतात, आणि त्यांच्या जेटची किटही.

नंबर वाचायची पद्धत

नंबरावर ग्राइंडर, कानस किंवा पॉलिश पेपर चालवू नका. सँडब्लास्टिंगला ब्लॉक देण्याआधी त्या जागेवर जाड टेप लावा. रंगाचे थर, ग्रीस आणि गंज खाली कितीही साचलेले असोत, नंबर बहुधा शाबूत असतो. तो नाहीसा होतो घासण्यानेच. आणि घासलेल्या नंबराची गाडी आरटीओपुढे गेली की अडलीच.

रॉकेलात बुडवलेली चिंधी त्या जागेवर अर्धा तास दाबून ठेवा. मग जुन्या टूथब्रशने घासा, रंग कडक असेल तर पितळी तारेचा ब्रश हातानेच चालवा. कोरडं झाल्यावर पांढरा खडू आडवा फिरवून वरचा पुसून घ्या; खोलगट अक्षरांत खडू राहतो. टॉर्च समोरून न मारता बाजूने, जवळजवळ आडवा धरा आणि फोटो काढा. तरीही ३ आणि ८ किंवा १ आणि ७ यांत गोंधळ होत असेल, तर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या, आरटीओत चॅसिस नंबरचा घेतात तसाच.

नोंदणीसाठी विचारणाऱ्यांना

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी तिच्यात बसते. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. अशा नव्या नोंदणीचा नंबर व्हीए मालिकेत मिळतो, फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. म्हणून डिझेल इंजिन घातलेल्या जीपचे मालक आता पुन्हा पेट्रोल इंजिन शोधताहेत. चांगला निर्णय आहे, पण घाईने घेतलेलं इंजिन आधी दाखवा. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर करून घेणं आपल्याकडेच आहे.

आमच्याकडे कोऱ्या ब्लॉकवर नंबर पंच करून मिळत नाही, मूळ नंबर पुन्हा उठवूनही मिळत नाही. विचारणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो आणि पुढेही हेच सांगू.

इंजिन गाडीत असताना तपासायचं असेल तर आधी वेळ ठरवून या; तपासणीची फी त्याच कामाच्या भागांच्या बिलातून वजा होते. येताना आरसीची प्रत, नंबराचे दोन फोटो आणि जुना भाग घेऊन या, तुटलेला असला तरी. पेन्सिलीचा ठसा घेतला असेल तर कागदाची घडी घालू नका, गुंडाळून आणा; घडीवरचा आकडा वाचता येत नाही.