पानाची शीर वर आलीय की आत गेलीय, हे शेडिंग सांगतं

आउटलाइन अगदी बरोबर, पानाच्या कडेचे दाते मोजून काढलेले, देठाचा कोनही जमलाय आणि तरी पान कागदाला चिकटवल्यासारखं सपाट दिसतंय, असं वनस्पतींची चित्रं काढणाऱ्या खूप जणांचं होतं. बहुतेक वेळा यात रेषेचा दोष नसतोच. सगळं चित्र एकाच मधल्या राखाडी टोनमध्ये अडकलेलं असतं, कुठे कोरा कागद सोडलेला नसतो आणि कुठे धीटपणे काळं केलेलं नसतं.

आपला डोळा उजेड मोजण्यापेक्षा उजेडातला फरक जास्त पकडतो. रेटिनातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशी शेजारच्या पेशींचे सिग्नल थोडे दाबतात, त्यामुळे उजळ आणि गडद भाग जिथे भेटतात ती कड मेंदूपर्यंत आहे त्याहून ठळक होऊन पोचते. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये हा परिणाम मांडला होता, पुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हार्टलाइन यांनी हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या डोळ्यावर प्रयोग करून त्यामागे काय चालतं ते दाखवलं आणि १९६७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. चित्र काढणाऱ्याला हे फार कामाचं आहे, कारण पांढरी पाकळी कागदापेक्षा पांढरी करायला आपल्याकडे काहीच नसतं, पण तिच्या मागचं पान गडद केलं की पाकळीला हात न लावता ती उजळून पुढे येते.

आता शिरांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. उजेड वरून येतो असं मेंदू धरूनच चालतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये साध्या शेड केलेल्या गोलांवरून हे सुंदर दाखवलं: वरची बाजू उजळ असलेला गोल फुगीर दिसतो आणि तोच उलटा केला की खड्डा दिसायला लागतो. बोटॅनिकल चित्रांत उजेड वर डावीकडून येतो असं मानायची पद्धत आहे, ती या सवयीला धरूनच आहे. बऱ्याच पानांत मधली शीर वरच्या बाजूने पन्हळीसारखी आत गेलेली असते आणि खालच्या बाजूने उंचवट्यासारखी बाहेर आलेली. पन्हळ असेल तर उजेडाकडची भिंत सावलीत जाते आणि पलीकडची उजळते, उंचवटा असेल तर बरोबर उलट. म्हणजे सावली शिरेच्या चुकीच्या बाजूला पडली तर बघणाऱ्याला पानाची खालची बाजू वरची वाटू शकते, आणि ओळख पटवण्यासाठी काढलेल्या चित्रात ही चूक मला तरी आउटलाइन चुकण्यापेक्षा मोठी वाटते. शीर म्हणजे काळी रेघ हीसुद्धा एक सवयच. खऱ्या पानात ती बऱ्याचदा भोवतालच्या भागापेक्षा फिकट असते, म्हणून ती कोरी सोडायची आणि दोन्ही बाजूंना कमीजास्त शेड द्यायची.

सावलीला विरोधही झालाय आणि तो समजून घेण्यासारखा आहे. जर्मन वैद्य लिओनहार्ट फुक्स यांनी १५४२ च्या आपल्या वनस्पतीग्रंथात सावल्या मुद्दाम टाळल्या, सावल्यांनी झाडाचं खरं रूप झाकलं जातं म्हणून. शेडिंगने आकार कळला पाहिजे, पण त्याखाली लव, ठिपके, शिरांची जाळी बुडता कामा नये. म्हणूनच झाडाची मागच्या कागदावर पडणारी सावली सहसा काढत नाहीत, मात्र एका पानाची दुसऱ्यावर पडलेली सावली हलकीशी ठेवली की कोणतं पान पुढे आहे ते लगेच कळतं.

हायलाइटवरून, म्हणजे सर्वात उजळ चमकणाऱ्या जागेवरून, पृष्ठभाग कळतो. मेणचट, गुळगुळीत पानावर तो छोटा आणि कडक कडेचा असतो, लव असलेल्या पानावर उजेड सगळीकडे विखुरतो म्हणून तिथे कडक हायलाइट काढला तर पान खोटं वाटतं.

पेन्सिलने काळं करताना जोर लावून उपयोग नाही. ग्राफाइटचे कण चपटे असतात, दाबले की आडवे बसून चमकतात आणि काळ्याच्या जागी चकाकी येते, त्यापेक्षा एचबी, २बी, ४बी अशा क्रमाने मऊ आणि गडद होत जाणाऱ्या पेन्सिलींचे हलके थर चढवत गेलेलं बरं. मधेमधे डोळे किलकिले करून बघायचं, बारकावे पुसट होतात आणि फक्त उजळ-गडद उरतं, किंवा मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करायचा, सगळं एकसारखं राखाडी दिसलं तर सर्वात खोल जागा, म्हणजे पानांमागच्या फटी आणि देठ खोडाला जुळतो ते कोपरे, अजून एकदोन थर मागतायत.

शाईने ठिपके देऊन शेड करत असाल तर छपाईचा विचार आधीच करावा लागतो. चित्र मोठं काढून छापताना लहान करतात, तेव्हा ठिपक्यांमधलं अंतरही कमी होतं आणि दाट भागातले ठिपके एकमेकांत मिसळून काळा डाग होतो, म्हणून मूळ कागदावर ते जरा विरळ वाटले तरी तसेच राहू द्यायचे.